अभिनयाचं प्रशिक्षण: झाडीपट्टी आणि वऱ्हाडातून वारंवार येणारे प्रश्न

होळी झाली की झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटक कंपन्या थंडावतात, वडसा-देसाईगंजच्या त्यांच्या ऑफिसांतली गर्दी ओसरते आणि पोरापोरींना शिकायचं सुचतं. शिबिरात, व्हॉट्सॲपवर, चहाच्या टपरीवर जे प्रश्न वर्षानुवर्षं तेच ते येतात, ते इथं एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत आहेत. सलग वाचायची गरज नाही. एका उत्तराचा धागा दुसरीकडे जात असेल तिथं क्रमांक दिला आहे.

१. ताई, ॲक्टिंग शिकवता येते का? ती तर अंगातच असावी लागते ना?

नक्कल, ताल, चार लोकांसमोर उभं राहायची हौस हे अंगातच असतं. ते मी देऊ शकत नाही, आणि देतो म्हणणाऱ्याला फी देऊ नका. शिकता येतं ते असं, की काल जमलेला प्रसंग आज, ठरल्या वेळी, पुन्हा तितकाच खरा करता यावा. गॅदरिंगमध्ये एकदा जमून जातं. पण डिसेंबरच्या थंडीत, पहाटे तीनला, अर्धा मंडप चादरी पांघरून पेंगत असताना जमलं पाहिजे, आणि तिथं हौस कामाला येत नाही. श्वास, आवाज, शरीर, लक्ष, समोरच्याचं ऐकणं आणि संहिता नीट वाचणं, एवढ्यांवर मेहनत करता येते. खालची सगळी उत्तरं याच मुद्द्याभोवती फिरतात.

२. आमच्याकडचे जुने नट कोणत्या शाळेत गेले होते? त्यांचं काही अडलं का?

शाळेत गेले नाहीत, पण शिकले नाहीत असं कसं म्हणता? दंडार, खडी गंमत या आपल्याकडच्या लोकनाट्यांत पोरगं आधी मागं उभं राहून सूर धरायचं. मग एखादं छोटं सोंग मिळायचं. ताल चुकला की ढोलकीवाला तिथल्या तिथं डोळे वटारायचा. मंडईच्या, म्हणजे गावोगावच्या जत्रेच्या, दिवसांत या गावातून त्या गावात, रोज नवा प्रेक्षक. हे प्रशिक्षणच होतं, फक्त कोणी त्याला तसं म्हणत नव्हतं आणि त्याला दहा-पंधरा वर्षं लागायची. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. शेकडो भूमिका करत करत ते घडले.

आज तो वेळच नाही. कंपनीच्या तालमी मोजक्या, पोरगं बारावीनंतर पुण्याला जाणार की गावात राहणार हेही ठरलेलं नसतं. म्हणून जे पूर्वी सावकाश मुरायचं त्यातलं थोडं आता वेगळं बसून, बोलून, मुद्दाम करावं लागतं. जुन्या नटाच्या शेजारी विंगेत उभं राहून पाहणं मात्र सोडू नका. ते कोणत्याही शिबिरात मिळत नाही.

३. स्तानिस्लावस्की, स्तानिस्लावस्की म्हणतात सगळे. सोप्या भाषेत सांगाल का?

कॉन्स्तान्तिन स्तानिस्लावस्की (१८६३–१९३८) हा रशियन नट आणि दिग्दर्शक. १८९८ मध्ये त्यानं नेमिरोविच-दान्चेन्कोसोबत मॉस्को आर्ट थिएटर काढलं. नट घडवायची पद्धत शब्दांत मांडायचा त्यानं आयुष्यभर प्रयत्न केला आणि ती शेवटपर्यंत बदलत राहिला. म्हणून 'स्तानिस्लावस्कीची पद्धत' असं कोणी ठासून सांगितलं, की कोणत्या वर्षाचा स्तानिस्लावस्की ते विचारावं.

त्याचा गाभा असा, की भावनेला हुकूम सोडता येत नाही. 'रड' म्हटल्यानं रडू येत नाही, आलंच तर ते लोकांना लगेच कळतं. काय करायचं ते मात्र ठरवता येतं. त्यासाठी तो तीन गोष्टी विचारायला लावतो. मी कुठं, कोण, कधी, कोणत्या अडचणीत आहे? मी खरोखरच या जागी असतो, तर काय केलं असतं? आणि या क्षणी समोरच्याकडून मला नेमकं काय हवं आहे?

शिबिरात आम्ही एकच वाक्य घेतो: 'जेवून घ्या.' नवरा धान खरेदी केंद्रावरून परत आलाय, चुकारा (विकलेल्या धानाचे पैसे) या वेळीही झालेला नाही. पडवीत सासरे बसलेत. बायको ताट मांडते आणि म्हणते, 'जेवून घ्या.' पहिल्यांदा ती हे त्याला बोलतं करण्यासाठी म्हणते. दुसऱ्यांदा, सासऱ्यांच्या कानावर विषय जाऊ नये म्हणून. तिसऱ्यांदा, मला सगळं कळलंय एवढंच त्याला समजावं म्हणून. वाक्य तेच, पण हात बदलतात. दुसऱ्या वेळी भात भराभर वाढला जातो. तिसऱ्या वेळी एका मुलीनं वरण वाढलं आणि पळी तशीच ताटावर धरून ठेवली. तिला 'दुःखी दिस' असं कोणी सांगितलं नव्हतं, आणि बघणारी पोरं गप्प झाली होती.

शेवटच्या वर्षांत त्याचा जोर अशा शारीरिक कृतींवरच होता. सुरुवातीच्या काळात त्यानं 'भावनिक स्मृती'वर, म्हणजे स्वतःच्या जुन्या आठवणीतून भावना आणण्यावर, बरंच काम केलं. त्याचा धोका प्रश्न ९ मध्ये आहे.

४. मग मेथड ॲक्टिंग म्हणजे तेच ना?

त्याचं अमेरिकेतलं एक घराणं म्हणा. १९३१ मध्ये न्यूयॉर्कला ग्रुप थिएटर सुरू झालं. तिथं ली स्ट्रासबर्गनं नटाच्या स्वतःच्या आठवणी उकरून भावना मिळवण्यावर भर दिला. त्याच कंपनीतली स्टेला ॲडलर १९३४ मध्ये पॅरिसला जाऊन खुद्द स्तानिस्लावस्कीकडे शिकून आली आणि तिनं सांगितलं, की भर कल्पनाशक्तीवर आणि नाटकातल्या परिस्थितीवर हवा. दोघांचं फाटलं ते कायमचं. तिसरा सॅनफर्ड माइझनर. त्यानं सगळं लक्ष समोरच्या नटाकडे वळवलं. त्याच्या सरावात दोघं एकच वाक्य एकमेकांना पुन्हा पुन्हा म्हणतात आणि समोरच्यात काय बदललं ते पकडतात. आमच्या पोरांना तिघांत हाच सर्वांत लवकर जमतो, कारण सवाल-जवाबाची सवय असते.

महिनाभर भूमिकेतून बाहेरच न येणं, पंचवीस किलो वजन घटवणं, हे पेपरांत छापून येतं म्हणून मेथड तेवढीच वाटते. ज्याला आज पाटील आणि उद्या फौजदार करायचा आहे, त्यानं या भानगडीत पडू नये.

५. ब्रेख्त, ग्रोतोव्स्की, मेयेरहोल्ड हेही वाचावं का? की परीक्षेपुरतं?

परीक्षेपुरतं वाचलं तर तिघंही कंटाळवाणे वाटतील. करून पाहिले तर नाही.

मेयेरहोल्डपासून सुरुवात करा. हा स्तानिस्लावस्कीच्याच कंपनीतला नट, पुढे वेगळा झाला, आणि १९४० मध्ये स्तालिनच्या राजवटीनं त्याला गोळी घातली. १९२०च्या दशकात त्यानं 'बायोमेकॅनिक्स' नावाचे व्यायाम बसवले: दगड फेकणं, बाण मारणं, थप्पड. प्रत्येक हालचालीआधी उलट्या दिशेची छोटी हालचाल येते. दगड पुढे फेकायचा तर आधी सगळं शरीर मागे जातं, आणि तिथंच प्रेक्षकाचा श्वास अडकतो. हाणामारीच्या प्रसंगात हे एवढं जरी आलं तरी खोटी थप्पड खरी वाटते आणि कोणाचा गालही सुजत नाही.

ग्रोतोव्स्कीनं १९५९ पासून पोलंडमधल्या ओपोले गावात छोट्या खोलीत काम केलं आणि विचारलं, की रंगमंचावरून काय काय काढून टाकलं तरी नाटक उरतं? सेट गेला, मेकअप गेला, खास दिवे गेले. नट आणि प्रेक्षक उरले. याला त्यानं 'गरीब रंगभूमी' म्हटलं. आमच्याकडे कोणी तरी म्हणतंच, 'ताई, आपली तर गरीबच आहे.' पण त्याची गरिबी निवडलेली होती आणि नटाची मेहनत त्यामुळे वाढत होती. त्याचे शारीरिक व्यायाम पुस्तकातली चित्रं पाहून करू नका. गुडघे आणि पाठ पुढे रोवणीलाही लागणार आहेत.

जर्मन नाटककार ब्रेख्तचं थोडक्यात: प्रेक्षकानं वाहून जाऊ नये, विचार करावा. १९३५ मध्ये मॉस्कोत त्यानं मेई लानफांग या चिनी नटाला पाहिलं. पुरुष बाईची भूमिका करतोय, आणि करतोय हे लपवत नाही, याचा त्याच्यावर मोठा परिणाम झाला. दंडारीतला नाच्या पाहिलेल्याला यात नवल वाटणार नाही. मात्र तेवढ्यावरून 'आपल्याकडे ब्रेख्त आधीपासूनच होता' असं भाषणात ठोकू नये. त्याचा हेतू राजकीय होता. आपली लावणी प्रसंग तोडते तेव्हा हेतू बहुधा झोपलेल्यांना उठवण्याचा असतो.

६. हे सगळं नाट्यशास्त्रात आधीच सांगितलेलं नाही का?

काही आहे. आंगिक (शरीराचा), वाचिक (बोलण्याचा), आहार्य (वेशभूषेचा) आणि सात्त्विक (मनातून उमटणारा) असे अभिनयाचे चार प्रकार भरतानं सांगितले, आणि स्तंभ (थिजणं), स्वेद (घाम), रोमांच, स्वरभंग, वेपथू (थरथर), वैवर्ण्य (रंग उडणं), अश्रू, प्रलय (शुद्ध हरपणं) असे आठ सात्त्विक भाव दिले. घाम किंवा अंगावरचा काटा हुकमानं येत नाही, मन तिथं असावं लागतं, ही जाण त्यात स्पष्ट आहे. फरक रोखाचा आहे. भरताचं लक्ष प्रेक्षकाला रस कसा मिळेल याकडे जास्त, स्तानिस्लावस्कीचं नटाच्या आत काय घडतं याकडे. शिकणाऱ्यानं भांडण लावण्यापेक्षा दोन्हींतलं काही करून पाहावं. कथकळीची पोरं नुसत्या डोळ्यांचा सराव वर्षानुवर्षं करतात. नाट्यशास्त्राचा अभिमान सांगणाऱ्यानं आठवडाभर तरी रोज पहाटे उठून तो करावा, मग बोलू.

७. आमची बोली झाडी. पुण्याचे सर म्हणतात आधी उच्चार सुधारा. बोली सोडावी का?

सोडू नका. हबीब तनवीर यांचं उदाहरण लक्षात ठेवा, तेही आपल्या शेजारच्याच छत्तीसगडचं. ते लंडनला 'राडा' (RADA) या नाट्यशाळेत शिकून आले, 'नया थिएटर' काढलं आणि 'नाचा' हे तिथलं लोकनाट्य करणाऱ्या गावच्या नटांना घेतलं. बराच काळ ते नट मंचावर अवघडलेले दिसायचे. तनवीरांनाच पुढे उमगलं, की आपण त्यांना हिंदी बोलायला लावतोय आणि 'इथून तिथं तीन पावलं' अशा आखीव हालचालींत बांधतोय. १९७०च्या दशकात त्यांनी नटांना छत्तीसगढीत बोलू दिलं, हालचाली त्यांच्याच उत्स्फूर्ततेतून येऊ दिल्या, आणि तेच नट देशाबाहेर गाजले.

पण याचा अर्थ प्रमाण मराठी शिकूच नये असा नाही. वकील, डॉक्टर, पेशवा करायची वेळ आली आणि 'पाणी'चं 'पानी' झालं, वऱ्हाडाकडच्या पोरानं 'डोळे'चं 'डोये' केलं, तर भूमिका हातातून जाते. ण आणि ळ जीभ मागे वळवून रोज पाच मिनिटं म्हणा. दोन्ही बोलता आलं पाहिजे आणि कुठं कोणतं ते आपल्याला ठरवता आलं पाहिजे. तुमच्या बोलीला हसणारा शिक्षक मात्र बदला.

८. चार प्रयोग झाले की घसा बसतो. काय करू? मध-आलं घेतो.

मध-आलं घ्या, त्यानं बरं वाटतं. पण घसा बसण्याचं कारण बहुतेक वेळा श्वासात आणि माईकमध्ये असतं.

आधी श्वास. पाठीवर झोपा, पोटावर वही ठेवा, श्वास घेताना वही वर आली पाहिजे. ते जमलं की उभं राहून तसाच श्वास घ्या आणि 'स्स्स' करत सावकाश सोडा. खांदे उचलले जात असतील तर सगळा जोर गळ्यावर येतोय. प्रयोगाआधी ओठ मिटून 'म्म्म' गुणगुणा, ओठ फुरफुरवा, मग हळूहळू वरच्या सुरात जा. थेट किंकाळीनं सुरुवात करू नका. थंडीत तहान लागत नाही, म्हणून पाणी आठवणीनं प्या. बसलेल्या घशानं कुजबुजू नका; त्यानं आराम मिळतो असं वाटतं, ताण मात्र वाढतो. त्यापेक्षा गप्प बसा.

आता माईक. वरून टांगलेल्या माईकखाली उभं राहून ओरडणं ही आपल्याकडची जुनी खोड आहे. माईक आवाज मोठा करतो, स्पष्ट करत नाही. तुम्ही ओरडला की शब्दांची शेवटची अक्षरं फुटतात, ऑपरेटर आवाज कमी करतो, आणि तुम्ही आणखी ओरडता. प्रयोगाआधी ऑपरेटरसोबत दहा मिनिटं काढा, सर्वांत हळू आणि सर्वांत मोठं वाक्य दोन्ही बोलून दाखवा. दोन-तीन आठवडे आवाज घोगराच राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. सीझन आहे म्हणून थांबू नका.

९. माझ्या बाबांनी आत्महत्या केली. नाटकात तसाच प्रसंग आहे. सर म्हणतात, तेच आठव, सीन खरा होईल. करू का?

नको. आणि नाही म्हणायला तुम्हाला कोणाची परवानगी लागत नाही.

हा प्रश्न यवतमाळ-वर्ध्याकडून जास्त येतो, म्हणून सविस्तर लिहिते. स्वतःच्या आठवणीतून भावना आणायचा व्यायाम जगभर झाला, पण त्यावर भर देणारा स्ट्रासबर्गही किमान सात वर्षं जुनी आठवण घ्या असं सांगायचा. ताजी जखम नटाच्या ताब्यात राहत नाही. एके रात्री रडू थांबत नाही, दुसऱ्या रात्री काहीच वाटत नाही, आणि दोन्ही वेळा प्रसंग कोसळतो. पहिल्या उत्तरातला 'पुन्हा करता येणं' हा मुद्दा इथं सर्वांत कडक लागू होतो. शिवाय शिबिर म्हणजे दवाखाना नव्हे, आणि नाटक शिकवणारा मानसोपचारतज्ज्ञ नसतो.

प्रसंग करायचाच असेल तर तो कृतीतून उभा करा. असाच एक प्रसंग बसवताना मुलाला एवढंच काम दिलं: खुंटीवरचा बाबांचा सदरा काढायचा, झटकायचा, घडी घालायची. खिशात बियाण्याच्या दुकानाची पावती लागते. ती वाचायची, परत खिशात ठेवायची, खिशाची गुंडी लावायची. बस. गुंडी जुनी असल्यानं काजात जात नव्हती, नट तिच्याशी झटत राहिला, आणि संवादाची गरजच उरली नाही. त्याला स्वतःचं काहीही उकरावं लागलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा करता आलं.

तालीम संपल्यावर भूमिकेतून बाहेर यायची ठरलेली रीत ठेवा: कपडे बदलणं, तोंड धुणं, एकमेकांना खऱ्या नावानं हाक मारणं, चहा. मंडपातही अशी घरं बसलेली असतात, हे दिग्दर्शकानं विसरू नये. फास, विषाची बाटली तपशिलानं दाखवायची गरज नसते. आणि प्रसंगानंतर रात्री डोळा लागत नसेल, नको ते विचार येत असतील, तर जवळच्या माणसाशी बोला किंवा टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करा. तो विनामूल्य आहे आणि मराठीतही बोलता येतं.

१०. आपल्याकडे प्रॉम्प्टर असतो. मग पाठांतर कशाला?

कारण एक कान प्रॉम्प्टरकडे असला की समोरच्या नटासाठी अर्धाच उरतो. प्रेक्षकाला तुमची नजर विंगेकडे सरकलेली दिसते. शब्द वेळेवर येतो, विचार येत नाही. प्रॉम्प्टर अडल्यावेळी हवा. पाठ करताना नुसते स्वतःचे संवाद घोकू नका, समोरच्याचं शेवटचं वाक्य आणि त्यानं तुम्हाला काय झालं तेही धरा. भात निंदताना, सायकलवर, चालत चालत पाठ करणाऱ्यांचं जास्त टिकतं असा माझा अनुभव आहे.

११. शिबिरात सांगतात 'नैसर्गिक करा'. तसं केलं तर कंपनीचे निर्माते म्हणतात 'मागच्याला दिसत नाही'. कोणाचं ऐकू?

दोघांचंही, कारण दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत आहेत. शिबिरातले सर खरेपणाबद्दल बोलतात, निर्माते आकाराबद्दल. हजारोंच्या मंडपात शेवटच्या ओळीला तुमची भुवई दिसत नाही. तिथं हेतू पाठीच्या कण्यापर्यंत आणि पावलांपर्यंत गेला पाहिजे. हालचाल मोठी, पण कारणाशिवाय एकही नाही. एक चाचणी सांगते. तोच प्रसंग आधी एका खोलीत दोन माणसांसाठी करा, मग शाळेच्या मैदानात, मग नदीच्या अलीकडून पलीकडच्याला. वाढवताना कुठं खोटं वाटायला लागलं ती जागा सापडेल, आणि तिथं बहुधा हेतूच ठरलेला नसतो (प्रश्न ३). उलट, कुजबुजत, खांदे पाडून, पाठमोरं बोलणं म्हणजे नैसर्गिक, असं शहरातून शिकून आलेल्या काही पोरांना वाटतं. ती नुसती कॅमेऱ्यासमोरची सवय आहे.

१२. गावात कोणी शिकवणारं नाही. एकट्यानं काय सराव करू?

वस्तूंशिवाय चूल पेटवा. हा व्यायाम मला सर्वांत आवडतो. आधी खरी चूल पेटवा आणि नीट पाहा: काडी ओढताना दुसरा हात आडोसा कसा धरतो, फुकणी ओठांना लागते की थोडी आत जाते, धूर आल्यावर मान आधी वळते की डोळे आधी मिटतात, ओलं लाकूड हाताला कसं लागतं. मग सगळं बाजूला ठेवून नुसत्या हातांनी तेच करा. फुकणीची जाडी मुठीत कायम राहिली पाहिजे. बहुतेकांची मूठ तिसऱ्या फुंकरीला मिटते आणि फुकणी नाहीशी होते. घरच्या म्हाताऱ्या बाईला बघायला बसवा. तिच्याइतका कठोर परीक्षक दिल्लीतही भेटणार नाही.

ते जमलं की परिस्थिती घाला: पाहुणे आलेत आणि घरात चहापत्ती नाही. किंवा पोराला ताप आहे. पेटवणं तेच, पण वेग आणि लक्ष बदलू द्या.

याशिवाय रोज एक पान मोठ्यानं वाचा, आणि बाजारात एका माणसाची चाल पाहून घरी चालून बघा. यूट्यूबवरून माहिती मिळते, चूक दाखवणारं माणूस मिळत नाही.

१३. स्टेजवर जाण्याआधी एक घोट घेतला तर भीती जाते. चालतं का?

नाही. भीती जाते आणि तिच्याबरोबर वेळेचं भानही जातं. थरथर कमी करायची तर दहा मिनिटं आधी अंग गरम करा, श्वास लांब सोडा (प्रश्न ८), आणि पहिल्या प्रवेशातली पहिली कृती कोणती ते ठरवून ठेवा.

१४. मुलगी नाटकात जायचं म्हणते. पाठवू का? लोक काय म्हणतील?

लोक म्हणतीलच. दंडारीत पुरुषच बाईची सोंगं करायचे. आता बाया काम करतात, तर दोन्हीकडून बोलतात. तुम्ही लोकांपेक्षा व्यवहार पाहा. प्रयोग किती, मानधन किती आणि कधी, येण्याजाण्याची गाडी कोणाची, रात्रीची राहायची सोय काय, कपडे बदलायला वेगळी जागा आहे का, हे कागदावर घ्या. अठराच्या आतली असेल तर घरचं मोठं माणूस सोबत हवंच.

तालमीत जवळिकीचा किंवा मारहाणीचा प्रसंग असेल तर कोण कुठं हात लावणार ते सर्वांसमोर ठरतं, आणि प्रयोगात ते बदलत नाही. 'भूमिकेच्या ओघात झालं' हे कारण ऐकून घेऊ नका. ओघावर ताबा ठेवणं हेच तर शिकायचं असतं. 'मोकळी हो' म्हणत मुलींना एकटं बोलावणारा शिक्षक शिक्षक नव्हे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा इथंही लागू होतो. कंपनीत दहापेक्षा कमी माणसं असली तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते.

१५. रीतसर कोर्स कुठं आहे? एनएसडी जमेल का?

राष्ट्रीय नाट्य विद्यालय (दिल्लीची एनएसडी) १९५९ मध्ये संगीत नाटक अकादमीनं सुरू केलं, १९७५ मध्ये ते स्वायत्त झालं. आजची त्याची शिस्त बऱ्याच अंशी इब्राहिम अल्काझी यांच्या काळात (१९६२–७७) घडली. तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम आहे. प्रवेशाला पदवी लागते, वयोमर्यादा असते, आधी नाटकांत काम केल्याचा अनुभव पाहतात, हिंदी-इंग्रजी कामापुरती यावी लागते. त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. जागा अगदी थोड्या असतात. निवड झाली नाही तर त्यावरून स्वतःची किंमत करू नका.

राज्यात पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहेत. भोपाळचं मध्य प्रदेश नाट्य विद्यालयही पाहा. तोवर राज्य नाट्य स्पर्धेत उतरा. नागपूर, अमरावती, चंद्रपूर केंद्रांवर नुसती नाटकं पाहायला गेलात तरी चालेल.

१६. 'सात दिवसांत ॲक्टर, सिरियलमध्ये रोल हमखास', पंचवीस हजार फी. भरू का?

हमखास हा शब्द दिसला की पैसे खिशातच ठेवा. सात दिवसांत चांगला शिक्षक तुमच्या दोन-तीन चुका दाखवू शकतो, आणि तेवढ्यासाठी योग्य फी द्यायला हरकत नाही. रोल देणं त्याच्या हातात नसतं.

१७. माझं वय ४५, पाच एकर धान आहे. आता शिकून काय उपयोग?

बाप, सरपंच, सावकार, मास्तर या भूमिकांना पंचविशीतल्या पोराच्या केसांना पांढरा रंग लावून किती दिवस भागवायचं? तुमची गरज आहे. रोवणी आटोपल्यापासून हलका धान कापणीला येईपर्यंतचा काळ तालमीला बरा. आमची शिबिरंही त्याच दिवसांत असतात. शरीराचे व्यायाम झेपतील तेवढेच करा. पाठांतराची धास्ती बहुतेकांना वाटते, त्यासाठी प्रश्न १०.

१८. सीझनच्या चाळिसाव्या रात्री काहीच वाटत नाही. तोंड बोलतं, मी घरी असतो. माझा अभिनय संपला का?

नाही, नेमका हाच आजार स्तानिस्लावस्कीला झाला होता. १९०६च्या उन्हाळ्यात तो फिनलंडमध्ये सुट्टीवर होता. इब्सेनच्या नाटकातली आपण गाजवलेली डॉक्टर स्टॉकमनची भूमिका आता नुसती यंत्रासारखी होतेय, हावभाव उरलेत आणि ज्यातून ते आले ते गेलंय, हे त्याला तिथं जाणवलं. त्याची सगळी शोधाशोध त्या अस्वस्थतेतून पुढे सरकली. म्हणजे ही पद्धत नवशिक्यांइतकीच थकलेल्या नटांसाठीही आहे.

भावना परत आणायच्या मागे लागू नका, आणखी खोटं होईल. एका रात्री एकच गोष्ट बदला आणि ती कोणाला सांगू नका. आज समोरच्याचे डोळे कोणत्या वाक्याला खाली जातात तेवढंच बघायचं. उद्या प्रत्येक प्रवेशाआधी मी कुठून आलो ते ठरवायचं: विहिरीवरून, की तहसीलमधून. परवा हेतू बदलायचा, संवाद तेच (प्रश्न ३). समोरच्या नटाला कळवायचं असेल तर माइझनरचा सराव दोघांनी मेकअप करताना पाच मिनिटं करा (प्रश्न ४).

झोपही मोजा. रात्रभर प्रयोग, दिवसा गाडीत, पुन्हा रात्री प्रयोग, असं आठ दिवस चाललं तर काही न वाटणं ही शरीराची तक्रार असते, आणि तिला अभिनयाचा व्यायाम हे औषध नाही. गाडीत मागची सीट रिकामी ठेवून आळीपाळीनं आडवं होणारी मंडळी मी पाहिली आहेत. त्यांच्या पहाटेच्या प्रवेशात फरक दिसतो.